खो मिळाला की उठायचं : जुळ्यांच्या होणाऱ्या बाबांसाठी तयारीचा आराखडा

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे एक. आणि हे बघा, दुसरं." बायकोने माझा हात घट्ट धरला. मी अकरा वर्षं खो-खो खेळलो, आता सांगलीत शाळेच्या मैदानावर मुलामुलींना शिकवतो. त्या दिवशी घरी येताना मनात एकच गोष्ट घोळत होती : हा सामना एकट्याच्या वेगावर जिंकता येणार नाही.

एक बाळ असतं तेव्हा आई दमली तर बाबा उभा राहतो, बाबा दमला तर आजी. जुळ्यांच्या घरात सगळे एकदम पळायला लागतात आणि दहाव्या दिवशी सगळेच एकदम कोसळतात. खो-खोत असं होत नाही, कारण त्या खेळाची घडणच तशी आहे. आक्रमण करणारे नऊ जण मैदानात असतात, पण पळतो एकच. आठ जण पाट्यांवर बसलेले असतात, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून. बसलेला खेळाडू खेळाच्या बाहेर नसतो. तो दम राखून असतो. पाठीवर हात पडून "खो" ऐकू आल्याशिवाय त्याने उठायचं नाही, उठला तर फाऊल. आणि खो मिळाल्यावर क्षणभरही बसून राहायचं नाही. आमच्या मुली आता तीन वर्षांच्या आहेत. मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, आम्हाला तारलं ते या एका नियमाने. पुढचं सगळं त्याच्याच आधाराने लिहितो आहे.

पहिलं काम : वार (प्लॅसेंटा) एक आहे की दोन, हे लिहून घ्या

जुळं आहे कळल्यावर बहुतेक बाबा पाळणे मोजायला लागतात. त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : दोघांची वार वेगवेगळी आहे की एकच? हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत सगळ्यात स्पष्ट दिसतं, नंतर ओळखणं अवघड होत जातं. त्यामुळे त्या वेळच्या अहवालात ते लिहिलेलं आहे ना, हे स्वतः वाचून खात्री करा. नसेल तर तिथेच थांबून विचारा.

एवढा आग्रह का, तर सगळ्या सामन्याचं वेळापत्रक यावरून ठरतं. वार वेगवेगळी असेल तर साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. वार एकच असेल तर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात आणि कधी कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागतं. एकाच्या भोवती पाणी कमी, दुसऱ्याच्या भोवती फार. हे वेळेत पकडलं तर उपचार आहेत. म्हणून अशा गरोदरपणात सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी होते, आणि त्यातली एकही चुकवायची नसते. दोघं एकाच पिशवीत असतील तर आणखी जपावं लागतं. ते क्वचित घडतं, पण तेव्हा मोठ्या रुग्णालयातच नाव घालावं.

तारखांची जबाबदारी बाबाने घ्यावी. बायकोला मळमळ, थकवा, नोकरी हे सगळं आधीच आहे. मी फाईलच्या आतल्या पानावर सगळ्या तारखा पेनाने लिहिल्या होत्या आणि फोनवर आदल्या दिवशीची घंटी लावली होती.

औषधांचंही तसंच. जुळ्यांत रक्त लवकर कमी होतं, म्हणून लोहाच्या गोळ्यांत खंड नको. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. चहासोबतही लोह नको. आमच्याकडे लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर सकाळी आणि कॅल्शियम जेवणानंतर, असं मी ठरवून दिलं आणि मीच हातात ठेवत असे. रक्तदाब वाढण्याचा धोकाही जुळ्यांत जास्त असतो. काही जणींना त्यासाठी साधारण बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि सांगितली तर न चुकवता.

सामना लवकर सुरू होणार, असंच धरून चाला

निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतात. सगळं सुरळीत असलं तरी, वार वेगळी असेल तर सदतिसाव्या आणि एकच असेल तर छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला प्रसूती करावी असा सल्ला साधारणपणे दिला जातो. म्हणजे चाळीस आठवड्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. आमच्या मुली पस्तिसाव्या आठवड्यात आल्या, रविवारी पहाटे.

मी शिकवतो त्या मुलांना नेहमी सांगतो, तयारी स्पर्धेच्या तारखेला संपवायची नसते, आधीच्या पंधरवड्यात संपवायची असते. जुळ्यांसाठी ही रेषा तिसाव्या आठवड्यावर आखा. त्या दिवशी पिशवी दाराशी, पैसे खात्यात, माणसं ठरलेली, रस्ता पाहिलेला. बत्तीस ही शेवटची मुदत.

एक सूचना मुहूर्ताबद्दल. सिझेरियन ठरलं की घरात कुणीतरी पंचांग उघडतं. डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांतला सोयीचा दिवस निवडायला हरकत नाही, पण चांगल्या नक्षत्रासाठी तारीख अलीकडे ओढायची नाही. त्या दिवसांत पोटातल्या एकेका आठवड्याने बाळांची फुप्फुसं तयार होत असतात. हे मोठ्यांना समजावणं बाबाचंच काम. बायकोवर ते ढकलू नका.

मैदान कुठलं : माहेर, की जिथे नवजात कक्ष आहे तिथे?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामागे माया आहे आणि शहाणपणही आहे, कारण बाळंतिणीला आईचा हात लागतो. आमचंही तेच ठरलं होतं. बायकोचं माहेर वाळवा तालुक्यातल्या गावात. पण जुळ्यांसाठी मैदान निवडताना पहिला निकष बदलतो. ज्या रुग्णालयात प्रसूती होणार, तिथेच नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग, म्हणजे एनआयसीयू, आहे का? नसेल तर जन्मल्याबरोबर एका बाळाला रुग्णवाहिकेतून दुसरीकडे न्यावं लागेल, आई तिसरीकडे, आणि तुम्ही दोघांच्या मधल्या रस्त्यावर.

मी सासूबाईंशी स्वतः बोललो. म्हणालो, "आई, ती तुमच्याकडे येणार नाही, तुम्हीच आमच्याकडे या." त्या थोड्या हिरमुसल्या, मग दोन दिवसांनी स्वतः फोन करून म्हणाल्या, डिंक आणि खारीक घेऊन आठव्या महिन्यातच येते. बायकोच्या नावावर हा निरोप गेला असता तर माहेरच्यांना लागला असता. जावयाने मान देऊन मागितलं म्हणून सोपं झालं.

रुग्णालयात जाऊन हे विचारा : एनआयसीयूत एकाच वेळी दोन खाटा मिळण्याची शक्यता किती? श्वासासाठी यंत्र आहे का? रात्री बालरोगतज्ज्ञ जागेवर असतात की बोलावावे लागतात? प्रसूतीच्या वेळी प्रत्येक बाळासाठी वेगळा माणूस हजर असेल का? रक्तपेढी आवारात आहे की बाहेर? जागा भरलेली असेल तर कुठे पाठवता? उत्तरं लिहून घ्या. सरकारी रुग्णालयात या विभागाला बहुधा एसएनसीयू म्हणतात, आणि जिल्हा रुग्णालयातला एसएनसीयू अनेकदा गावातल्या छोट्या खासगी दवाखान्यापेक्षा सज्ज असतो. खासगीचा हट्ट धरण्याआधी तो एकदा पाहून या.

रस्ताही पाहून ठेवा. मी एकदा संध्याकाळच्या गर्दीत आणि एकदा रात्री दोन वाजता घरापासून रुग्णालयापर्यंत गाडी चालवून वेळ मोजली. महाराष्ट्रात तातडीच्या वेळी १०८ आणि गरोदर मातांसाठी १०२ हे क्रमांक आहेत. ते घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

पैसा आणि कागद

इथे फार सांगत नाही, पण चार गोष्टी पक्क्या करा. एनआयसीयूचा खर्च दर दिवशी, दर बाळामागे लागतो. त्यामुळे अंदाज लेखी मागा आणि दोनाने गुणा. विम्याच्या कागदात प्रसूतीसाठी किती प्रतीक्षाकाळ आहे आणि नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे की नव्वद दिवसांनंतर, हे वाचा. हा फरक लाखोंचा ठरू शकतो. सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं रुग्णालय आहे का, हेही आधी विचारून ठेवा.

सुट्टीचा हिशेब वेगळाच करावा लागतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत ती कायद्याने बंधनकारक नाही, मालकाच्या धोरणावर आहे. जी काही रजा असेल ती जन्माच्या दिवशीच सगळी संपवू नका. रुग्णालयात परिचारिका असतात, डॉक्टर असतात, नातेवाईक येतात. खरी गरज बाळं घरी आल्यावर लागते. राखीव खेळाडू पहिल्याच मिनिटाला उतरवले तर शेवटच्या मिनिटांत पळायला कोण? मी जन्माच्या वेळी चार दिवस घेतले आणि उरलेली रजा धाकटी घरी आली त्या दिवसापासून.

पाट्यांवर कोण कोण बसणार

अठ्ठाविसाव्या आठवड्यात आम्ही घरी सगळ्यांना बोलावलं. "काही लागलं तर सांग" असं सगळेच म्हणतात, मनापासूनच म्हणतात. पण रात्री तीन वाजता कुणाला काय सांगायचं, हे बाळंतिणीला सुचत नाही. म्हणून माणसाचं नाव आणि काम आधीच जोडायचं. सासूबाईंकडे बाळंतिणीचं जेवण, शेक, मालिश. माझ्या आईकडे पहाटेचे पाच ते सात. मेहुण्याकडे गाडी, औषधं, रुग्णालयात डबा पोचवणं. शेजारच्या काकूंनी आपणहून दुपट्यांच्या धुण्याची जबाबदारी घेतली, आणि ती दोन महिने निभावली. रक्तगट जुळणारे तीन मित्र ठरवून ठेवले, कारण जुळ्यांच्या प्रसूतीनंतर रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता असते.

पाट्यांवर एकाआड एक उलट तोंडं असतात, ती मैदानाचे दोन्ही भाग राखण्यासाठी. घरातही सगळ्यांची तोंडं बाळांकडे नकोत. निम्म्यांनी आईकडे पाहायचं. हे मी बैठकीत स्पष्ट सांगितलं.

तिळं असेल तर हात कमीच पडणार आहेत. तिथे रात्रीचा तिसरा माणूस ही चैन नव्हे, पहिल्या दिवसापासूनची गरज आहे.

वादाचे मुद्देही त्याच बैठकीत निघाले. बाळगुटी, मध, गुटीतला जायफळ, डोळ्यांत काजळ. आम्ही ठरवलं की पंच एकच, बालरोगतज्ज्ञ, आणि पंचांचा निर्णय सगळ्यांनी मानायचा. माझी आई आणि सासूबाई दोघींना मी आठव्या महिन्यात डॉक्टरांसमोर बसवलं. सहा महिने फक्त आईचं दूध, मध नको, गुटी नको, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर घरात पुन्हा तो विषय निघाला नाही.

सामान

दुकानातल्या याद्यांना भुलू नका. आम्हाला खरोखर लागलं ते असं : चाळीस सुती लंगोट, वीस दुपटी, दहा-दहा झबली आणि टोपडी, पाय झाकणारे चार मोजे-जोड, दोन रबरी कापडं, वाट्या आणि चमचे उकळायला एक मोठं पातेलं, एक डिजिटल थर्मामीटर, भिंतीवरचं मोठं घड्याळ आणि दोनशे पानी वही. नवजात बाळ दिवसात आठ-दहा वेळा कपडे ओले करतं. दोघांचं मिळून वीस. पावसाळ्यातली तारीख असेल तर वाळत घालायच्या जागेचा आधी विचार करा. पाळणे दोन हवेत, किंवा गादीवर दोन वेगळ्या जागा. बाळांनी पाठीवर, सपाट जागेवर, उशी-लोडाशिवाय झोपायचं.

धोक्याची शिटी

यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही : न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, रक्त जाणं, पाणी जाणं, सदतीस आठवड्यांआधी पोट ठरावीक अंतराने कडक होणं, बाळांची हालचाल कमी वाटणं, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज. शेवटची खाज लोक उष्णतेवर ढकलतात, पण ती यकृताशी संबंधित असू शकते.

लवकर प्रसूतीची शक्यता दिसली तर साधारण चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्याने बाळांची फुप्फुसं लवकर तयार होतात. त्यासाठी वेळेत पोचणं आवश्यक आहे. म्हणूनच "उगाच गेलो, काही नव्हतं" अशी फेरी पडली तरी ती वाया गेली असं समजू नका. आमच्या अशा दोन फेऱ्या झाल्या.

प्रसूतीचा दिवस

पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर नैसर्गिक प्रसूती अनेकदा शक्य असते. पहिलं आडवं किंवा पायाळू असेल तर बहुधा सिझेरियन. काही वेळा पहिलं नैसर्गिक झाल्यावर दुसऱ्यासाठी सिझेरियन करावं लागतं. हे आधी ऐकलेलं असेल तर दाराबाहेर सही मागितल्यावर हात थरथरत नाही.

त्या दिवशी बाबाची जागा आधीच ठरवा. दोन बाळं आणि एक आई तीन दिशांना जाऊ शकतात. आमचं ठरलं होतं : जे बाळ एनआयसीयूत जाईल त्याच्यासोबत मी, बायकोजवळ तिची आई, दुसऱ्या बाळाजवळ माझी आई. थोरली २ किलो १०० ग्रॅम, धाकटी १ किलो ७०० ग्रॅम. धाकटीला श्वासाला त्रास होता, तिला घेऊन परिचारिका धावली आणि मी तिच्यामागे. मन बायकोपाशी होतं. पण ठरलेलं होतं म्हणून पाय अडखळले नाहीत.

हातावरच्या पट्ट्यांवर आईचं नाव, वेळ, पहिलं की दुसरं हे नीट आहे का ते पाहा. जन्मनोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, प्रत्येक बाळाची वेगळी. नाव नंतर घालता येतं.

एनआयसीयूतले अकरा दिवस

धाकटी तिथे अकरा दिवस होती. काचेपलीकडच्या त्या नळ्या आणि यंत्रांचे आवाज पाहून बाबा बाहेर खुर्चीवर बसून राहतो, कारण त्याला वाटतं इथे आपलं काही काम नाही. आहे. दोन मोठी कामं आहेत.

पहिलं, दुधाची ने-आण. बाळ ओढू शकत नसलं तरी आईने जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हाताने किंवा पंपाने दूध काढायला सुरुवात करायची आणि दर दोन-तीन तासांनी काढत राहायचं, रात्रीसुद्धा. सुरुवातीला चमचाभरच निघतं. तो चमचा तसाच वर पोचवायचा. त्या घट्ट पिवळसर चिकाची किंमत फार मोठी आहे. मी बाटलीवर नाव आणि वेळ लिहून घेऊन जायचो. आईचं दूध पुरलं नाही तर दुग्धपेढीची चौकशी करा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली; आज इतरही मोठ्या रुग्णालयांत अशा पेढ्या आहेत. आणि डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं तर तेही द्यावं. त्यावरून बाळंतिणीला कुणी टोमणा मारू लागलं तर मध्ये उभं राहायचं ते तुम्ही.

दुसरं काम छातीचं. कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये सुरू झाली, खाटा कमी आणि बाळं जास्त होती म्हणून. बाळाला टोपी आणि लंगोट सोडून उघडं ठेवायचं, उभं, बेडकासारखे पाय दुमडून, आपल्या उघड्या छातीवर, मान एका बाजूला, वरून सुती कापडाचा बांध. त्वचेची ऊब बाळाचं तापमान राखते, वजन वाढायला मदत होते. बायको टाक्यांच्या वेदनेत होती, म्हणून पहिल्या चार दिवसांत धाकटीला मीच घेतलं. आंघोळ, कोपरापर्यंत हात धुणं, नखं कापलेली, अंगठी आणि हातातला दोरा काढलेला. एकदा घेतलं की किमान तासभर हलायचं नाही. माझ्या छातीवर तिचा श्वास हळूहळू माझ्या श्वासाच्या लयीत आला, तो तास मी कधीही विसरणार नाही. तुमच्या रुग्णालयात बाबाला हे करू देत नसतील तर नम्रपणे, पुन्हा पुन्हा मागा.

घरी : खोची रात्र

आता सगळ्यात कठीण भाग. एक बाळ दिवसात आठ ते बारा वेळा पितं. दोघांचं मिळून सोळा ते चोवीस. पाजणं, ढेकर, लंगोट, झोपवणं. एकीचं होतं तोवर दुसरी उठते. पहिल्या तीन रात्री आम्ही दोघंही प्रत्येक रडण्याला उठलो. चौथ्या सकाळी बायकोला मांडीवरच्या बाळासकट बसल्या बसल्या झोप लागली. मी खूप घाबरलो. त्याच दिवशी वहीत पाट्या आखल्या.

रात्री नऊला ती दोघींना पाजून आतल्या खोलीत झोपायची, दार लोटून. नऊ ते एक मी जागा. मधली साडेअकराची वेळ काढून ठेवलेल्या दुधावर. वाटी-चमच्याने मी आणि सासूबाई. आपल्याकडचं जुनं बोंडलंही चालतं, पण चोच नीट घासून, उकळून. काढलेलं दूध खोलीत चार तासांच्या आत वापरायचं, उन्हाळ्यात त्याआधीच. एक वाजता मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचो, "खो." एक ते पाच ती पाजायची, सासूबाई शेजारी, आणि मी झोपायचो. पाचला माझ्या आईला खो.

खो-खोत खो मोठ्याने आणि स्पर्शासह द्यावा लागतो. नुसतं पुटपुटलं तर चालत नाही. घरीही "मी जरा पडतो" हा खो नव्हे. समोरच्याने डोळे उघडून "हं" म्हटलं की मगच तुमची जबाबदारी संपली. आणि त्यासोबत तीन गोष्टी सांगायच्या : कोण कधी प्यायलं, कुणाला शी-शू झाली, काय बाकी आहे. बाकी वहीत. वहीत चार रकाने पुरतात : वेळ, कोण, किती वेळ किंवा किती मिली, लंगोट. पाचव्या दिवसानंतर प्रत्येकीचे दिवसाला सहा तरी लंगोट ओले झाले पाहिजेत. हा आकडा वहीशिवाय रात्रीत लक्षात राहत नाही. जुळ्यांत एकीला दोनदा पाजलं आणि दुसरी झोपून राहिली, हे सहज घडतं. ओळखीसाठी आम्ही थोरलीला उजव्या गालावर तीट लावायचो, धाकटीला डाव्या.

उलट बाजूचा नियमही तितकाच कडक : खो नसताना उठायचं नाही. बायकोला हे सगळ्यात जड गेलं. बाळ रडलं की आईचं अंग आपोआप उठतं. मी तिला सांगितलं, "तू पाटीवर आहेस. मैदानात मी आहे." चार-पाच रात्रींनी तिचा विश्वास बसला. तो बसण्यासाठी बाबाने खरोखर मैदानात असावं लागतं. फोनवर नाही, अर्धवट झोपेत नाही.

एक उठली की दुसरीलाही उठवून पाजा. झोपलेल्या बाळाला उठवणं जिवावर येतं, पण दोघींची घड्याळं एकत्र आली तरच तुम्हाला सलग दोन तास मिळतात. दोघींना एकाच वेळी पाजण्यासाठी परिचारिका शिकवतात त्या पद्धतीला फुटबॉल होल्ड म्हणतात : प्रत्येक बाळ आईच्या काखेखाली, पाय मागे, डोकं तळव्यावर, खाली उशा. सुरुवातीला बाळं उचलून लावून द्यायला बाबा लागतोच. ज्या वेळी माझी विश्रांतीची पाळी नसे तेव्हा लंगोट, आणून देणं, ढेकर, परत झोपवणं माझं. आईचं फक्त पाजणं. असं केलं तर तिचा एका वेळचा दीड तास पाऊण तासावर येतो.

दोघी एकदम रडल्या तर? एका संरक्षकाचा माग धरून पळणारा आक्रमक त्याला बाद करतो. दोघांकडे पाहत पळणारा हात हलवत परततो. आधी एक. दुसरीला पाठीवर सुरक्षित ठेवा. दोन मिनिटं रडल्याने तिला काही होत नाही. उलट जी गप्प आहे तिच्याकडे आधी नजर टाका. दूध न पिणं, सुस्त पडणं, अंग थंड किंवा तापलेलं, जोरजोरात श्वास, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना.

आईकडे तोंड करून बसलेला माणूस

पहिले काही दिवस रडू येणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळं झोपली तरी तिला झोप येत नसेल, "मला जमत नाही, तुम्ही माझ्याशिवाय बरे" असं बोलत असेल, तर हा थकवा नव्हे, बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. जुळ्यांच्या आयांमध्ये याचा धोका जास्त असतो. दृष्ट काढून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, मोफत. बाबांनाही हे होतं. मला सहाव्या आठवड्यात कारण नसताना राग यायला लागला होता. एका जुन्या संघमित्राला सांगितलं, तो तीन रविवार दुपारी येऊन मुलींपाशी बसला आणि मला झोपायला लावलं.

न चुकवायच्या तारखा

लवकर जन्मलेल्या बाळांची एक तपासणी घरोघरी राहून जाते : डोळ्यांच्या पडद्याची. चौतीस आठवड्यांच्या आत जन्म किंवा दोन किलोपेक्षा कमी वजन असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत ती झालीच पाहिजे. फार लहान बाळांची त्याहून आधी. बाहेरून डोळे छान दिसतात, बाळ टकमक पाहतं, आणि आतला पडदा बिघडत असतो. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन झालं तर दृष्टी वाचते. आमच्या थोरलीला ती लागणार नव्हती, धाकटीला वजनामुळे लागणार होती, पण घरी जाण्याच्या कागदात त्याचा उल्लेख राहून गेला होता. वही चाळताना मला आठवलं आणि सव्विसाव्या दिवशी तिला दाखवून आणलं. पडदा ठीक होता. कानांची तपासणीही पहिल्या महिन्यात करून घ्या.

लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, लवकर जन्म झाला म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. मान धरणं, पालथं पडणं मात्र मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचं. शेजारचं एकच जन्मलेलं बाळ चौथ्या महिन्यात पालथं पडलं आणि आपल्या दोघी अजून नाही, म्हणून कुणी हळहळलं तर त्यांना हा हिशेब सांगा.

बारसं बाराव्या दिवशी झालंच पाहिजे असं नाही. आमची धाकटी बाराव्या दिवशी नुकतीच घरी आली होती. आम्ही ते तिसऱ्या महिन्यात केलं, दोन पाळणे शेजारी-शेजारी बांधून, पाहुण्यांना हात धुवायला दारातच बादली आणि साबण ठेवून. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत दोघींना पाळण्याखालून वर देताना काकू, आत्या, मावशा सगळ्या ओळीने बसल्या होत्या.